मधले दोघे

बेळ्ळंदूरहून व्हाइटफील्डला जायचं असेल तर बंगळुरूत कुणी अंतर विचारत नाही, किती वाजता निघणार ते विचारतात. २०२१च्या डिसेंबरात मात्र बाहेरच्या रिंग रोडवरची बरीच काचेची ऑफिसं ओस होती, माणसं घरी बसून काम करत होती, आणि त्याच सुमाराला व्हाइटफील्डच्या शेरेटन ग्रँड या पंचतारांकित हॉटेलात बारा संघ मुक्कामाला येऊन बसले होते. हॉटेलच्याच संमेलन केंद्रात मॅट अंथरली होती. २२ डिसेंबरला प्रो कबड्डीचा आठवा मोसम तिथं सुरू झाला आणि २५ फेब्रुवारी २०२२ला तिथंच संपला. करोनामुळे प्रेक्षक नाहीत, गावोगावचा दौरा नाही. सगळे संघ एका छताखाली, बाहेर जायला बंदी. गर्दीच्या आरोळ्यांवर वाढलेला हा खेळ दोन महिने रिकाम्या दालनात खेळला गेला. खेळाडूच्या तोंडचं ‘कबड्डी कबड्डी’ टीव्हीवर इतकं स्वच्छ त्याआधी क्वचितच ऐकू आलं असेल.

अंतिम सामना दबंग दिल्लीनं पाटणा पायरेट्सवर ३७-३६ असा एका गुणानं जिंकला. दिल्लीच्या विजय मलिकनं १४ गुण मिळवले, नवीन कुमारनं १३. दोघेही चढाईचे. बातम्यांचे मथळे त्यांचेच झाले, ते योग्यच होतं.

पण त्या संघाची यादी हातात घेऊन बचावाची नावं वाचा. मनजीत छिल्लर, जीवा कुमार, संदीप नरवाल. तिघेही लीगच्या पहिल्या मोसमापासूनचे, आणि आठव्या मोसमापर्यंत तिघांनी किती जर्सी घातल्या होत्या ते पाहा. मनजीत बंगळुरू बुल्सकडून सुरू झाला, मग पुणे, जयपूर, तमिळ थलायवाज आणि दिल्ली. जीवा यू मुंबा, यूपी योद्धा, बंगाल वॉरियर्स आणि दिल्ली. संदीप पाटणा, तेलुगू टायटन्स, पुणे, यू मुंबा आणि दिल्ली. लीगमध्ये संघ बारा. या तिघांनी मिळून त्यातले दहा संघ पालथे घातले होते, फक्त गुजरात आणि हरियाणा उरले होते. अख्ख्या लीगचा नकाशा तिघांच्या पायाखालून गेलेला, आणि तरीही त्यांच्या नावानं स्टेडियम उभं राहून ओरडतंय असं दृश्य विरळाच.

अशा खेळाडूला अमेरिकेत जर्नीमन म्हणतात. आज या संघात, उद्या त्या संघात, कुठंच चेहरा झालेला नाही, पण कुठंही नेऊन उभा केला तर काम चोख. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशा माणसांची एक खास जागा आहे. कबड्डीतला जीवा कुमार समजायचा तर आधी ती जागा पाहून यावं, असं माझं मत आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी एका बाजूचे अकरा जण मैदानात असतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाचे पाच जण सर्वांत पुढं, खांद्याला खांदा लावून, गुडघे वाकवून बसतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. हे पाच म्हणजे आक्रमणाची फळी. एकेकाचं वजन सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात. सेंटर चेंडू दोन पायांमधून मागं देतो, आणि तेवढ्यावर या पाचांचा चेंडूशी असलेला संबंध जवळजवळ संपतो. पुढं फेकलेला चेंडू एरवी त्यांनी झेलायचा नसतो, तसा नियमच आहे. त्यांची जर्सीसुद्धा ५० ते ७९ या आकड्यांतली, पंचाला लांबून कळावं म्हणून. त्यांचं काम एकच. मागं उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायची.

तीन सेकंद म्हणजे काय, असं वाटेल. समोरून त्यांच्याच आकाराची, पण त्यांच्यापेक्षा चपळ माणसं धावून येतात आणि त्यांना थोपवायचं ते मागं सरकत. बाहेरून जर्सी पकडली तर दहा यार्डांचा दंड. चेंडू हलण्याआधी कुणाचं बोट जरी थरथरलं तरी पाच यार्डांचा दंड. आणि हे सगळं बिनबोभाट पार पडलं तर त्यांच्या नावापुढं काहीच लिहिलं जात नाही. धावणाऱ्याचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात. अडवणाऱ्याची अधिकृत आकडेवारी अशी नाहीच. दिवसभर त्यांचं नाव उच्चारलं गेलं नाही तर त्यांचा दिवस उत्तम गेला असं समजायचं.

१८ नोव्हेंबर १९८५च्या रात्री न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरनं वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला मागून गाठलं. थाइसमनचा पाय मोडला तो टीव्हीवर अख्ख्या देशानं पाहिला. त्यानंतर तो कधीच खेळला नाही. उजव्या हातानं फेकणाऱ्याला डावी बाजू दिसत नाही, आणि ती न दिसणारी बाजू राखतो तो डावा टॅकल. मायकेल लुईसनं यावर एक पुस्तकच लिहिलं, आणि डावा टॅकल हा संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी एक होऊन बसला.

पण महागडा टॅकल एक. संघाच्या त्रेपन्न जणांच्या यादीत या फळीसाठी आठ-नऊ जागा असतात आणि खालच्या तीन-चार जागांवरच जर्नीमन जगतो. त्याचा जगण्याचा मार्ग ठरलेला. त्याला गार्ड खेळता आलं पाहिजे, टॅकल खेळता आलं पाहिजे, वेळ पडली तर सेंटरही. ऑगस्टअखेर संघ त्रेपन्नवर आणतात तेव्हा याचं नाव कापलं जातं. कुणाच्या तरी गुडघ्याला दुखापत झाली की सप्टेंबरात दुसऱ्या शहरातून फोन येतो. मग नवं शहर, नवी भाषा. भाषा हा शब्द इथं शब्दशः घ्यायचा. प्रत्येक संघात सेंटर ओरडून जे इशारे देतो ते वेगळे असतात, आणि पाच जणांपैकी एकालाही इशारा अर्धा सेकंद उशिरा कळला तर चौघांची मेहनत पाण्यात जाते.

या फळीत एक आपल्याकडचा म्हणावा असा माणूस होऊन गेला. बॉबी सिंग. जन्म फिजीतल्या सुव्हाचा, भारतीय वंशाच्या कुटुंबातला, वाढला कॅनडात, कॉलेजचा फुटबॉल खेळला अमेरिकेत पोर्टलंड स्टेटकडून. गार्ड. जानेवारी २०००मध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य लीगचा किताब, जिंकणाऱ्या सेंट लुईस रॅम्सच्या चमूत तो होता. २००१मध्ये एक्सएफएल नावाची नवी लीग निघाली, त्या मोसमानंतर बंदही पडली, तिचा किताब लॉस एंजेलिस एक्स्ट्रीमनं जिंकला, त्यातही तो होता. मग कॅनडाच्या लीगमध्ये कॅल्गरी आणि ब्रिटिश कोलंबियाकडून खेळला आणि तिथला ग्रे कपही त्याच्या खात्यात आला. फिजीत जन्मलेला भारतीय वंशाचा हा मुलगा तीन लीगांमध्ये विजेत्यांच्या छायाचित्रात उभा आहे, आणि भारतात त्याचं नाव विचारलं तर हजारात एखाद्याला माहीत असेल.

आता मॅटवर या.

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढं एक मीटरवर बोनस रेषा, आणि मग मागं उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. या तुकड्यात सात जण अर्धवर्तुळ करून उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरे. मध्याच्या दोन्ही अंगांना दोन कव्हर, ज्यांना मराठी बातम्यांत मध्यरक्षक म्हणतात. चढाईला आलेल्याकडे ३० सेकंद असतात. त्यानं कुणालाही शिवून मध्यरेषेकडं परत जायचं, मग शिवलेले सगळे बाद. प्रो कबड्डीत पुरुषांना वजनाची मर्यादा ८५ किलोची, म्हणजे अमेरिकन फळीतल्या एका माणसात इथले जवळजवळ पावणेदोन बसतील.

टीव्हीवर डोळे चढाई करणाऱ्याबरोबर फिरतात. त्यामुळे दिसतं ते असं की तो कोपऱ्याकडे गेला, कोपऱ्यानं खाली झेप घेऊन घोटा धरला, आणि पकड झाली. टाळ्या कोपऱ्याला. सामन्याच्या नोंदीत पकडीचा गुणही त्याच्याच नावापुढे जातो. पण घोटा धरलेला खेळाडू अजून बाद झालेला नसतो. त्याचा दम चालू असतो, एक पाय मोकळा असतो आणि मध्यरेषा हातभर लांब. नवीन कुमारसारखा खेळाडू घोट्याला लटकलेल्या माणसाला ओढत नेतो. तेव्हा मधून कव्हर येतो. तो कंबरेवर आदळतो, किंवा परतीच्या वाटेवर उभा राहून वाटच बंद करतो, किंवा डॅश मारून थेट मैदानाबाहेर फेकतो. पकड पुरी होते ती इथं.

कव्हर लवकर आला तर? कोपऱ्यानं अजून धरलेलं नाही आणि हा पुढं झेपावला, तर चढाई करणारा त्याला शिवून निघून जातो. उशिरा आला तर कोपरा बाद, कदाचित त्याच्याबरोबर आणखी एक. एका चुकलेल्या साखळीत तीन-तीन माणसं जातात आणि पुढच्या चढाईला लोण अंगावर येतो. म्हणजे कव्हरला समोरचा खेळाडू पाहायचाच असतो, पण त्याहून जास्त आपल्याच कोपऱ्याचे खांदे पाहायचे असतात. तो कधी झेपावणार, हे तो झेपावण्याआधी कळायला हवं. बोलायला वेळ नाही. शेजाऱ्याचा हात हातात असतो, त्या हातावरच्या दाबातून जे कळेल ते खरं.

अमेरिकन फळी आणि ही साखळी यांची जातकुळी एक आहे, ती इथं. दोन्हीकडे आधी हललात तर दंड. दोन्हीकडे जो खाली राहील तो जिंकेल, उंच उभा राहील तो ढकलला जाईल. दोन्हीकडे आडवं किंवा मागं सरकत काम करायचं, आणि समोरचा मात्र पुढं तोंड करून धावतो. फरक एवढाच की तिथं पाच जण आपल्या नायकाला वाचवतात, इथं समोरच्याच्या नायकाला पाडतात.

या मधल्या दोन माणसांची किंमत किती, याचा एक पुरावा लीगच्या इतिहासातच आहे. २०१५चा दुसरा मोसम. यू मुंबानं अंतिम सामन्यात बंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून किताब घेतला. कर्णधार अनुप कुमार, आणि त्याच्या मागं जो बचाव होता तो माझ्या मते आजवरचा सर्वांत सुंदर बचाव. दोन कोपऱ्यांना सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर. मध्ये आपल्या मुंबईचा विशाल माने आणि तमिळनाडूचा जीवा कुमार. एक हरियाणवी, एक दिल्लीच्या निजामपूरचा, एक मराठी, एक तमिळ. चौघांनी मिळून जे कुंपण घातलं त्याच्या जोरावर यू मुंबा पहिल्या तिन्ही मोसमांत अंतिम फेरीत पोचली होती.

चौथ्या मोसमाआधी लिलाव झाला. मोहित छिल्लर ५३ लाखांना बंगळुरूनं घेतला, त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली. सुरेंदर नाडाही बंगळुरूकडेच आला. एकाला घ्यायचं तर दुसऱ्यालाही घ्यायला हवं, हे बंगळुरूच्या कुणाच्या तरी नेमकं लक्षात आलं होतं. जोडी शाबूत राहिली. पण साखळीचा एक दुवा मुंबईतच राहिला. जीवा कुमार यू मुंबाकडेच खेळत होता.

२०१६च्या त्या मोसमात उपांत्य फेरीत चार संघ पोचले. पाटणा, जयपूर, पुणे आणि तेलुगू टायटन्स. कोपरे मिळालेलं बंगळुरू नाही, आणि कोपरे गमावलेली, सलग तीन अंतिम फेऱ्या खेळलेली यू मुंबाही नाही. पराभवाला कारणं अनेक असतात, चढाई करणारे असतात, दुखापती असतात, हे सगळं मान्य. तरीही दोन तुकडे दोन गावी ठेवले आणि दोन्ही गावं उपाशी राहिली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुढच्या मोसमात नाडा आणि मोहित पुन्हा एकत्रच हरियाणा स्टीलर्सकडे गेले. जणू घरातली चांदीची जोडी विकताना सराफ सुटी सुटी घेत नाही, तसं त्यांचं झालं होतं.

विशाल माने आणि जीवा यांचं तसं झालं नाही. ते सुटे गेले, आणि कमाल म्हणजे सुटे असूनही जिथं गेले तिथं बरंच काही घडलं. विशाल २०१७मध्ये पाटण्याकडे होता. त्या वर्षी पाटण्यानं गुजरातला ५५-३८ हरवून सलग तिसरा किताब घेतला. २०१९मध्ये तो दिल्लीकडे होता, दिल्ली प्रथमच अंतिम फेरीत पोचली. त्या अंतिम फेरीत समोर होतं बंगाल वॉरियर्स, आणि बंगालकडे होता जीवा कुमार. चार वर्षांपूर्वी एकमेकांच्या श्वासावर झेपावणारे दोघे आता रेषेच्या दोन बाजूंना. बंगाल ३९-३४ जिंकलं. मग २०२२मध्ये व्हाइटफील्डच्या हॉटेलात जीवा दिल्लीच्या बाजूनं आला आणि दिल्ली जिंकली. मुंबई, बंगाल, दिल्ली. तीन वेगवेगळ्या संघांबरोबर तीन किताब. चढाईच्या मोठमोठ्या बादशहांनाही हे सहज जमलेलं नाही.

हे कसं होत असेल, याचा मी बराच विचार केला आहे. कव्हर जेव्हा नव्या संघात जातो तेव्हा त्याचं कौशल्य अर्धंच बरोबर येतं. उरलेलं अर्धं नव्या कोपऱ्याकडे असतं, ते सराव शिबिराच्या थोड्याशा आठवड्यांत शिकून घ्यायचं. हा कोपरा घोट्याला जातो की मांडीला? घाई करतो की वाट पाहतो? ‘करा किंवा मरा’ अशा तिसऱ्या चढाईला घाबरतो का? अनुभवी कव्हरची खरी विद्या म्हणजे दुसऱ्याचा स्वभाव लवकर ओळखणं. बेळ्ळंदूरच्या इकोवर्ल्ड या ऑफिस-संकुलात दर दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्या इंजिनिअरला हे कुणी समजावून सांगायला नको. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचून, त्याला नावं न ठेवता, पहिल्या महिन्यात कामाला लागणारा माणूस जसा प्रत्येक मॅनेजरला हवा असतो, तसा तो.

पैशाचंही थोडं बोलू. २०१४च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटण्यानं त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. २०२३मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत वीसपट. पण आपल्याकडच्या भटक्या खेळाडूची गोष्ट अमेरिकेतल्या भटक्यापेक्षा एका बाबतीत वेगळी आहे, आणि ती मुंबईच्या कबड्डीनं घडवली आहे. लीग येण्याआधी कबड्डीपटू फारसा भटकत नसे. लालबाग-परळच्या मंडळात खेळायचा, जिल्ह्याकडून, राज्याकडून खेळायचा, आणि खेळ बरा असला तर नोकरी लागायची. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा. खेळ संपला तरी खुर्ची राहायची, निवृत्तीपर्यंत. आजही लीगमधल्या कितीतरी खेळाडूंच्या खिशात असं कायम नोकरीचं ओळखपत्र असतं. संघ दरवर्षी बदलेल, पण हजेरीपट तोच. अमेरिकन फळीतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या गार्डला असा आधार नसतो. ऑगस्टअखेर नाव कापलं गेलं की त्याचा पगारही गेला.

उलट्या टोकाचंही उदाहरण देऊन ठेवतो, नाहीतर भटकण्यातच सगळं पुण्य आहे असा समज व्हायचा. जो थॉमस नावाचा डावा टॅकल २००७मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सकडे आला आणि अकरा मोसम तिथंच राहिला. सलग १०,३६३ डाव तो एकदाही मैदानाबाहेर गेला नाही. २०१७मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच ही माळ तुटली. अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आहे. आणि या सगळ्या काळात त्याचा संघ बाद फेरीत एकदाही पोचला नाही. एकाच दारात उभं राहिल्यानं किताब मिळतोच असं नाही, आणि दहा दारं पुजल्यानं तो हुकतोच असंही नाही. जीवा कुमारकडे तीन आहेत.

त्या व्हाइटफील्डच्या मोसमात दिल्लीचा कर्णधार होता जोगिंदर नरवाल, तोही बचावातला. पुढं तो दिल्लीचाच प्रशिक्षक झाला आणि २०२५मध्ये दिल्लीनं दुसऱ्यांदा किताब जिंकला, पुणेरी पलटणला ३१-२८ हरवून. साखळीत उभा राहिलेला माणूस सात जणांना एकदम पाहायला शिकलेला असतो. चांगले प्रशिक्षक या बाजूनं निघाले तर नवल नाही.

माझी एक मागणी आहे, ती आपल्या क्रीडापत्रकारांकडे आणि गावोगावच्या स्पर्धांत टेबलावर बसणाऱ्या गुणलेखकांकडे. बातमीत आपण लिहितो, ‘अमुकनं सुरेख पकड केली.’ त्याच वाक्यात आणखी तीन शब्दांची जागा करा आणि मधून कोण आला त्याचं नाव टाका. गुणलेखकांनी कागदाच्या कडेला एक खूण केली तरी पुरे. उद्या लिलावात त्या पोराची बोली लागेल तेव्हा ती खूण कामाला येईल.